कल्याणच्या कन्या कै. डॉ. आनंदीबाई जोशी

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वसूरींची चरित्रे द्यावयाची, ही प्रथा जुनी आहे आणि ती योग्यही आहे. परंतु थोरांच्या चरित्राचा अभिमान बाळगणे जितके सोपे, तितकेच त्या चरित्राचे ऋण ओळखणे अवघड असते. कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणास ठाऊक नाही? शाळेतील पुस्तकांतून, श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ सालच्या कादंबरीतून व २०१९ सालच्या चित्रपटातून त्या घरोघरी पोचल्या आहेत. तरीसुद्धा त्या परदेशी गेल्या व डॉक्टर झाल्या, एवढ्यावरच आपले स्मरण बहुधा थांबते. त्या कशासाठी गेल्या, कोणते दुःख त्यांना सातासमुद्रापलीकडे घेऊन गेले, आणि ते दुःख आज आपल्या परिसरातून संपूर्ण नाहीसे झाले आहे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या गणपतराव अमृतेश्वर जोशी यांच्या त्या कन्या. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. आगगाडी कल्याणास येऊन त्या वेळी अकरा वर्षे लोटली होती. उल्हास नदीच्या खाडीकाठचे हे जुने बंदर, दुर्गाडीच्या किल्ल्याने राखलेले हे गाव, मुंबईच्या नव्या जगाशी लोखंडी रुळांनी जोडले गेले होते. परंतु गाडी दारापर्यंत आली म्हणजे नवे विचार माजघरापर्यंत येतातच, असे नाही. घर एके काळचे जमीनजुमल्याचे, पण ओहोटीस लागलेले होते. मुलीचे लग्न लवकर उरकावे, ही त्या काळची रीत होती. त्या रीतीस अनुसरून नऊ वर्षांची यमुना १८७४ साली गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि सासरी आनंदी झाली.

गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ते वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे व विधुर होते. पत्नीस शिकवीन, ही त्यांची अट लग्नापूर्वीचीच होती. ज्या काळी बायकोशी वडीलधाऱ्यांसमक्ष बोलणेही अमर्यादा समजली जाई, त्या काळी हा गृहस्थ तिला घेऊन धडे गिरवावयास बसे. मात्र या गुरूचा स्वभाव विलक्षण तापट होता. अभ्यासात कसूर झाली की शब्दांचा मार होई आणि प्रसंगी हाताचाही. पुढे परदेशातून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या दिवसांची आठवण पतीला स्पष्टपणे दिली आहे. त्याच पत्रांत त्यांनी त्याचे ऋणही तितक्याच मोकळेपणाने मानले आहे. चरित्रकाराने यांपैकी एकच बाजू सांगणे अन्यायाचे होईल. गोपाळरावांच्या हट्टावाचून आनंदीबाई घडल्या नसत्या. तरी तो हट्ट सोसण्याची किंमत त्या मुलीनेच दिली.

दहा दिवसांचे मातृत्व

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई प्रसूत झाल्या. मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे तो दहा दिवसच जगला. आपल्याकडे दहाव्या दिवशी सोयर फिटते आणि बाराव्या दिवशी बारसे होते. या बाळाच्या नशिबी बाराव्या दिवसाचा पाळणा उजाडलाच नाही. आनंदीबाईंना पुढे मूल झाले नाही. त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविणारी घटना हीच होय.

त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीचे चित्र आजच्या वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. घरातील सर्वांत अंधारी खोली तिच्यासाठी ठरलेली असे. झरोके बंद, शेगडीचा धूर कोंडलेला, अंथरावयास टाकाऊ चिंध्या, आणि सोयराच्या विटाळामुळे जवळ कोणी फिरकावयाचे नाही. मदतीस एक सुईण असे. या सुईणींनी पिढ्यानुपिढ्या हजारो बाळंतपणे सुखरूप पार पाडली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मूल आडवे आले, वार अडकली, रक्तस्राव थांबेना, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगात ताप भरला, म्हणजे तिचे ज्ञान संपे. नाळ जुन्या विळ्याने वा पात्याने कापली जाई आणि त्यातून अर्भकास धनुर्वात होई. पाचवी-सहावीच्या रात्री सटवीच्या पूजेला जागणाऱ्या घरांत बाळ नेमके त्याच दिवसांत का दगावते, याचे कारण कोणास कळत नसे. व्हिएन्ना येथील सेमेलवाइस नावाच्या वैद्याने १८४७ साली दाखवून दिले होते की, प्रसूती करणाराने जंतुनाशक द्रावणात हात धुतले तर सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने घटतात. हे साधे ज्ञान युरोपातही दीर्घकाळ उपेक्षित राहिले. आपल्या माजघरात ते पोचावे कसे?

आणि वैद्य वा डॉक्टर गावात असला तरी तो पुरुष असे. परपुरुषाने तपासावे, यापेक्षा मरण बरे, असे बाळंतीण स्वतः म्हणे आणि घरचेही तसेच मानीत. आनंदीबाईंनी नेमके हेच मर्म ओळखले. आपल्या स्त्रिया औषधावाचून मरतात त्याहून अधिक त्या संकोचापायी मरतात. ज्या हाताला त्या स्पर्श करू देतील, असा सुशिक्षित हात त्यांना हवा आहे. तो हात स्त्रीचाच असला पाहिजे. मग ती स्त्री आपणच का होऊ नये?

परदेशाची वाट

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा गावी राहिल्या आणि शेवटी बंगालमध्ये गेल्या. पतीबरोबर रस्त्याने चालणारी, पुस्तक हाती घेणारी ही तरुणी पाहून ठिकठिकाणी लोक हसत, टोमणे मारीत. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन पाद्र्याला मदतीसाठी पत्र लिहिले होते. धर्मांतर केल्यास साहाय्य मिळेल, असे उत्तराचे तात्पर्य होते आणि ते उभयतांना मान्य नव्हते. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. दूरदेशीच्या एका मुलीची विद्येची तळमळ त्यांना भिडली आणि त्यांनी पत्र धाडले. एकमेकींना न पाहिलेल्या या दोघींत मावशी-भाचीचे नाते जडले व ते अखेरपर्यंत टिकले.

वैद्यक शिकण्यास परदेशीच का जावे, हा प्रश्न लोक विचारीत. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना १८७५ पासून प्रवेश होता, हे आनंदीबाईंना ठाऊक होते. परंतु तेथील शिक्षण अपुरे व शिकविणारांची वृत्ती प्रतिकूल, असे त्यांचे मत होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या महाराष्ट्रीय स्त्रीने इंग्रजीत भाषण करून आपल्या जाण्याची कारणे एकामागून एक मांडली. हिंदुस्थानात हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी निक्षून सांगितले. बहिष्काराची धमकी त्यांना अपरिचित नव्हती. ज्यांच्यात आपण सेवा करणार त्यांनीच टाकले तर काय, याचाही विचार त्यांनी केला होता. तरी त्या डगमगल्या नाहीत. या भाषणाची वार्ता दूरवर गेली आणि खुद्द व्हाइसरॉयांनी दोनशे रुपयांची मदत दिली. गोपाळरावांना लगेच सोबत जाणे शक्य नव्हते. अंगावरचे सोने मोडून प्रवासाची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या.

विद्याभ्यास

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले, स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक. तेथील प्रमुख रॅचेल बॉडली यांना आनंदीबाईंनी प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, त्यात स्वतःच्या शिक्षणातील उणिवा लपविल्या नाहीत. मायदेशीच्या दुःखी भगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, एवढाच आपला हेतू असल्याचे सांगितले. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळून त्यांचा अभ्यास सुरू झाला.

नऊवारी लुगडे, शाकाहार, हाडे गोठविणारी थंडी आणि रात्रंदिवसाचा अभ्यास यांत त्यांची प्रकृती खालावत गेली. डोकेदुखी, ताप, धाप हे विकार त्या हिंदुस्थानातूनच बरोबर घेऊन गेल्या होत्या. पुढे क्षयाने त्यांना ग्रासले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढला होता. परंतु त्यावर गुणकारी पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडावयाचे होते. रोगाचे नाव कळले होते, उपाय मात्र साठ वर्षे दूर होता.

अशा स्थितीत त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर. ही निवड अर्थपूर्ण आहे. अमेरिकेत शिकलेले ज्ञान आणि आपल्या प्राचीन ग्रंथांतील ज्ञान त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. आपले ग्रंथ उघडून पाहावेत म्हणजे त्याचे मोल कळेल. चरकसंहितेत सूतिकागृह आधीपासून तयार ठेवावे, जागा निर्दोष असावी, साहित्य सिद्ध असावे व अनेक वेळा प्रसवलेल्या अनुभवी स्त्रिया जवळ असाव्यात, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत प्रसूतीच्या वेळी चार वयस्क, कुशल स्त्रिया असाव्यात व त्यांची नखे कापलेली असावीत, असा दंडक आहे. अडलेल्या गर्भाचे प्रकार व त्यांवरील शस्त्रक्रिया यांचेही विवेचन तेथे आहे. याच सुश्रुतात असेही सांगितले आहे की, सोळा वर्षांखालील स्त्रीस गर्भ राहिल्यास तो गर्भातच नाश पावतो, अथवा जन्मला तरी दीर्घायुषी वा बलवान होत नाही. ज्या समाजाने परंपरेच्या नावाने नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने लावली, त्याच समाजाच्या परंपरेत ही सूचना लिहिलेली होती. ग्रंथ देव्हाऱ्यात राहिला, नखे न कापलेले हात बाळंतिणीपाशी राहिले, आणि चौदा वर्षांच्या आनंदीचे मूल दहा दिवसांत गेले. रूढीला परंपरा समजण्याची चूक किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ची पदवी मिळाली. गोपाळराव त्यापूर्वीच अमेरिकेत पोचले होते. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. भारतीय स्त्रीने पाश्चात्त्य वैद्यकात पाऊल टाकण्याचे ते वर्ष ठरले.

परतीचा प्रवास व अंत

कोल्हापूर संस्थानने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी नेमले. लेडी डफरिन यांच्या नावाचा, स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविणारा निधी १८८५ सालीच उभा राहिला होता. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली उघडले. काळ अनुकूल होत होता, जागा तयार होती, विद्या हाती होती. शरीरानेच साथ सोडली. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या, त्या क्षीण होऊनच. ज्या समाजाने त्यांना नावे ठेवली होती, त्यातील अनेक जण आता त्यांच्या भेटीस येऊ लागले. पण कोल्हापूरचा विभाग त्यांच्या पावलांची वाट पाहतच राहिला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला. बाविसावा वाढदिवस अवघ्या महिन्याभरावर होता.

त्यांचा रक्षाकलश गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे धाडला. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांची स्मृतिशिला आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद तिच्यावर कोरलेली आहे. कॅरोलिन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ साली त्यांचे चरित्र लिहिले. त्यानंतर काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

जीविताचे मोल

येथे एक प्रश्न सरळ विचारावयास हवा. आनंदीबाईंनी मायदेशी येऊन एकाही अडलेल्या बाळंतिणीची सुटका केली नाही. रुग्णालयाची पायरी त्यांच्या नशिबी आली नाही. मग त्यांना थोर कशासाठी म्हणावयाचे?

जे दुःख हजारो घरांनी दैव म्हणून गिळले, त्या दुःखाला कारण आहे व उपायही आहे, हे त्यांनी ओळखले, आणि तो उपाय आपल्या अंगावर घेतला. एका स्त्रीने ही वाट तुडविल्यावर ती बंद आहे, असे कोणासही म्हणता येईना. रखमाबाईंनी १८९४ साली लंडनहून वैद्यकाचे शिक्षण पुरे करून सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्रियांची शुश्रूषा केली. कायदाही हळूहळू हलला. संमतिवयाची मर्यादा १८९१ साली दहावरून बारा वर्षांवर गेली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले. आज ते अठरा आहे.

ज्ञातीच्या स्मरणिकेत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. त्या आपल्या म्हणून आपण त्यांचा अभिमान मिरवितो. पण त्या निघाल्या तेव्हा आधार आला तो परक्या देशातील, परक्या धर्मातील एका बाईकडून. आप्तस्वकीयांकडून आला तो बहुतांशी उपहास. सत्काराची वेळ आली तेव्हा समाज जागा झाला, मदतीची वेळ होती तेव्हा तो झोपला होता. हे पूर्वजांस दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. आज आपल्या एखाद्या घरात अशी मुलगी असेल, तर तिला आपण कोणत्या वेळी ओळखणार, एवढेच विचारावयाचे आहे.

आजचे कर्तव्य

आनंदीबाईंच्या काळापासून आजवर झालेली प्रगती मोठी आहे. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी नोंदींनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. संपूर्ण भारतासाठी हा आकडा ९७ होता. राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. कल्याणात रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय पालिकेतर्फे चालते. २००५ पासून आशा सेविका दारोदारी जाऊन गर्भवतींची विचारपूस करतात.

परंतु त्याच पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले आणि जवळजवळ निम्म्या गर्भवतींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्याच जिल्ह्यातील शहापूर व मुरबाडच्या दुर्गम पाड्यांतून अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही वाचावयास मिळाल्या आहेत. माता मरते ती बहुधा तीन विलंबांमुळे, असे तज्ज्ञ सांगतात: घरात निर्णय घेण्यास विलंब, रुग्णालयापर्यंत पोचण्यास विलंब, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यास विलंब. दुसरा व तिसरा विलंब सरकारच्या हाती असतील. पहिला मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.

म्हणून आपल्या कुटुंबांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. सूनबाई वा लेक गर्भवती असता तिची नोंद पहिल्या तीन महिन्यांत करावी व तपासण्या टाळू नयेत. रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, पायांसह तोंडावर येणारी सूज, ताप अथवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास वडीलधाऱ्यांच्या संमतीची वाट न पाहता तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रसूतीनंतरचा ताप अंगावर काढू देऊ नये. घरी कामास येणाऱ्या बाईच्या घरीही कोणी गर्भवती असेल, हे स्मरावे आणि तिला रजा, आहार व रुग्णालयाची वाट या तिन्ही गोष्टींत हात द्यावा. आनंदीबाईंचे दुःख एका ज्ञातीपुरते नव्हते, त्यांचा संकल्पही नव्हता.

वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या मुलींस ज्ञातीच्या निधीतून साहाय्य देताना, पदवीनंतर काही काळ ग्रामीण वा आदिवासी भागात सेवा करण्यास त्यांना उत्तेजन द्यावे, अशी विनंती कार्यकारी मंडळास आहे. कोल्हापूरच्या ज्या रुग्णविभागात आनंदीबाई पोचू शकल्या नाहीत, तेथवर एखादी तरी लेक त्यांच्या वतीने चालत गेली, तर ते त्यांचे खरे श्राद्ध होईल.

त्या अल्पायुषी, दृढव्रती मातेस सर्व ज्ञातिबंधुभगिनींतर्फे विनम्र अभिवादन.